एकोणीस मृत्यू, एक बाटली आणि पाच वर्षं : प्लेगची लस शोधणाऱ्या हाफकिन यांची गोष्ट

साप चावलेल्या माणसाला दवाखान्यात विषावरचं इंजेक्शन देतात, लहान लेकरांना पोलिओचे थेंब पाजतात. त्या बाटल्यांवर कित्येकदा हाफकिन हे नाव दिसतं. मुंबईत परळला या नावाची मोठी संस्थाही आहे. नाव सगळ्यांच्या ओळखीचं, पण ते एका माणसाचं आडनाव आहे हे फार कमी लोकांना माहीत असतं.

हा माणूस आपल्या देशातला नव्हता. वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० ला ओडेसा शहरात, एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसा तेव्हा रशियाच्या झारच्या राज्यात होतं, आज ते युक्रेनमध्ये आहे. त्या काळात तिथं ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले व्हायचे. वस्ती राखायला उभ्या राहिलेल्या तरुणांत हाफकिनही होते, त्यात त्यांना अटक झाली. शिक्षण जीवशास्त्राचं. मेचनिकॉव्ह हे त्यांचे गुरू, ज्यांना पुढं नोबेल मिळालं. प्राध्यापकी मिळत होती, पण अट अशी की धर्म बदलायचा. ती त्यांनी मानली नाही आणि देश सोडला. आधी जिनिव्हा, मग १८८९ मध्ये पॅरिस. तिथं लुई पाश्चर यांच्या संस्थेत जागा मिळाली ती ग्रंथालयात मदतनीस म्हणून. पुस्तकं सांभाळता सांभाळता उरलेल्या वेळात ते प्रयोगशाळेत बसायचे.

तेव्हा पटकी, म्हणजे कॉलरा, जगभर माणसं मारत होता. हाफकिन यांनी त्यावर लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ ला पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. ताप आला, उतरला. मग मित्रांना टोचली. तरीपण युरोपातल्या मोठ्या डॉक्टरांचा विश्वास बसेना. एक कारण असं की हाफकिन हे औषधं देणारे डॉक्टर नव्हतेच, ते शास्त्रज्ञ होते. हे कारण पुढं हिंदुस्थानातही त्यांच्या आड आलं. इथल्या गोऱ्या डॉक्टरांना हा परका, रशियन, ज्यू माणूस आपल्यात नकोच होता.

१८९३ च्या मार्चमध्ये ते कलकत्त्याला उतरले. पुढच्या वर्षी तिथल्या एका गरीब वस्तीत पटकी शिरला. हाफकिन आपल्या हिंदी डॉक्टर साथीदारांना घेऊन तिथं गेले, तर लोकांनी दगड मारले, काचेचं सामान फुटलं. त्यांच्या चरित्रांत पुढचा प्रसंग असा येतो की हाफकिन यांनी पळ काढला नाही, पोलीसही बोलावले नाहीत. सगळ्यांसमोर सदरा वर केला आणि साथीदाराकडून स्वतःच्याच अंगात सुई टोचून घेतली. लोक थबकले. त्या दिवशी साधारण दोनशेच्या वस्तीतल्या ११६ जणांनी लस घेतली. नंतर तिथं पटकीचे जे रोगी निघाले ते लस न घेतलेल्या घोळक्यातले.

हाफकिन यांची कामाची रीत इथंच दिसते. आधी स्वतःवर, तेही लोकांच्या डोळ्यांदेखत. मग मोजणी, आणि ती दोन्ही बाजूंची. घेतलेल्यांत किती आजारी, न घेतलेल्यांत किती आजारी. लस घेऊन किती बरे राहिले एवढंच सांगणं सोपं असतं, औषधाची जाहिरात करणारे आजही तेवढंच सांगतात. न घेतलेल्यांचं काय झालं हे सोबत ठेवलं तरच तुलना होते.

मग १८९६ साल उजाडलं. सप्टेंबरमध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. काखेत, जांघेत गाठ, फणफणून ताप आणि चार-पाच दिवसांत माणूस संपला. उंदरांच्या पिसवांमधून हा रोग येतो हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. लोकांना एवढं कळत होतं की घरात उंदीर मरून पडायला लागले की माणसांची पाळी येते. गावंच्या गावं घरं सोडून माळावर, रानात झोपड्या घालून राहिली. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात ही आठवण काल-परवापर्यंत होती.

रोगाच्या मागोमाग अफवा आल्या. त्या काही महिन्यांपूर्वी नाही, तर ऐन त्याच ऑक्टोबरात मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला कुणीतरी डांबर फासलं होतं. झालं, बातमी फिरली की राणी रागावली आहे आणि तिला हिंदी माणसांची काळजं हवी आहेत, दवाखान्यात नेतात ते त्यासाठीच. दवाखान्यात माणसाला उलटं टांगून तेल काढतात, अशीही बोलवा होती. ऑक्टोबरच्या शेवटाला गिरणी कामगारांच्या जमावानं आर्थर रोडच्या दवाखान्यावर हल्ला केला. त्यावेळी ना मोबाइल होता, ना खेडोपाडी वर्तमानपत्र पोचत होतं. बाजार, पाणवठा, रेल्वेचा डबा आणि गिरणीचं फाटक एवढ्यावर या बातम्या तालुक्यातालुक्यांत गेल्या.

त्या लोकांना अडाणी म्हणून मोकळं होता येत नाही. अफवा खडकावर उगवत नाही, तिला जमीन लागते, आणि ती जमीन सरकारनं नांगरून दिली होती. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा आला. पुण्यात रँड साहेबाच्या हाताखाली गोरे सोल्जर घरात घुसायचे, स्वयंपाकघर आणि देवघरापर्यंत जायचे, सामान जाळायचे, माणसं छावणीत न्यायचे. त्याच मार्चमध्ये प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. २२ जूनला रँडवर चापेकर बंधूंनी गोळी झाडली. जे सरकार दाराला लाथ मारून आत येतं, तेच सरकार दुसऱ्या दिवशी सुई घेऊन आलं तर लोकांनी विश्वास कशाच्या जिवावर ठेवायचा?

हाफकिन यांना हे कळलेलं होतं. बळजबरीनं लस देण्याच्या ते विरोधात होते.

सरकारनं त्यांना ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईला बोलावलं. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि बाहेरचा व्हरांडा दिला. कारकून एक, शिपाई तीन. एवढ्यात जगातली पहिली प्लेगची लस तयार करायची होती. रीत अशी की मटणाच्या पाण्यात प्लेगचे जंतू वाढवायचे, वर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे, म्हणजे जंतू त्याला लोंबून झुबक्यासारखे वाढतात. मग ते उष्णता देऊन मारायचे. मेलेले जंतू अंगात गेले की शरीर जिवंत जंतूंशी लढायला शिकतं. मटण बकऱ्याचं वापरायचं असं त्यांनी ठरवलं होतं. गाईचं किंवा डुकराचं असतं तर हिंदू आणि मुसलमान दोघांनीही लस नाकारली असती, आणि त्यात त्यांचं चुकलंही नसतं. लोकांच्या मनाचा हा विचार परदेशातून आलेल्या माणसानं केला, इथं वर्षानुवर्षं राहिलेल्या साहेबांना तो सुचला नाही.

१० जानेवारी १८९७ ला हाफकिन यांनी स्वतःला टोचून घेतलं. बाकीच्यांना जेवढी द्यायची होती त्याच्या तिप्पट मात्रा त्यांनी घेतली. ताप चढला, अंग ठणकलं, काही दिवसांत उतरलं. महिनाअखेरीला भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जे कैदी तयार झाले त्यांना टोचलं, बाकीच्यांना नाही. अंगात रोग आधीच भिनलेले काही जण वगळले तर लस घेतलेल्यांत दोघं आजारी पडले आणि कुणी दगावलं नाही. न घेतलेल्यांत १२ आजारी पडले आणि ६ गेले. कैद्यानं राजीखुशीनं होकार दिला म्हणजे कितपत राजीखुशी, हा प्रश्न राहतोच. पण आकडा लपवलेला नव्हता, दोन्ही बाजूंचा समोर ठेवला होता.

मुंबईत लोक तयार झाले ते मात्र आकड्यांमुळं कमी आणि ओळखीच्या माणसांमुळं जास्त. खोजा समाजाचे तरुण प्रमुख आगाखान यांनी आपल्या लोकांसमोर लस टोचून घेतली, तीही पुन्हा पुन्हा. प्रयोगशाळेसाठी बंगला दिला. त्यांचं बघून त्यांच्या समाजातले हजारो लोक पुढं आले. सरकारी नोटीस हजार ठिकाणी चिकटवून जे होत नव्हतं ते आपल्यातल्या एका माणसानं बाही वर केल्यानं झालं. ऑगस्ट १८९९ मध्ये परळला गव्हर्नरच्या जुन्या बंगल्यात प्रयोगशाळा गेली, आजही ती तिथंच आहे.

त्याआधी एक मोजणी झाली होती, खेड्यातल्या वाचकानं नीट बघावी अशी. बडोद्याजवळ उंढेरा नावाचं गाव. १८९८ च्या फेब्रुवारीत तिथं प्लेग चालू होता. हाफकिन यांनी घरंच्या घरं घेतली आणि एकाच घरातल्या साधारण निम्म्या माणसांना लस दिली, निम्म्यांना नाही. एकाच छपराखाली राहणारी, एकाच चुलीवरचं खाणारी, त्याच उंदरांत झोपणारी माणसं. म्हणजे यांचं घर स्वच्छ होतं, ते श्रीमंत होते, अशी पळवाट उरली नाही. काही आठवड्यांनी हिशेब केला. ज्या २८ घरांत प्लेग आला तिथल्या लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले, ३ दगावले. न घेतलेल्या ६४ पैकी २७ आजारी पडले आणि २६ गेले.

आजच्या मनाला हा प्रयोग टोचतो. त्या २६ जणांत कुणाची आई होती, कुणाचं पोर होतं. पण त्या फेब्रुवारीत लस कितपत चालते हे कुणालाच खात्रीनं माहीत नव्हतं. आणि त्या आकड्यात अजून एक गोष्ट आहे. लस घेऊनही आठ जण आजारी पडले, तिघं मेले. लस घेतलेला मेला, ही बातमी उंढेऱ्यात तीनदा खरी ठरली असती. तेवढीच बातमी पुढच्या गावाला पोचली असती तर? २६ चा आकडा मागे राहिला असता. लस पूर्ण संरक्षण देते असा दावा हाफकिन यांनी केला नाही. ताप येतो, हात दुखतो, आणि काही महिन्यांनी परत घ्यावी लागते, हे उघड होतं.

१९०२ च्या सुमाराला प्लेगचा सगळ्यात मोठा तडाखा पंजाबला बसत होता. तिथल्या सरकारनं लाखोंना लस टोचायचं ठरवलं. तिथं फिरलेल्या अफवा कागदोपत्री नोंदलेल्या आहेत. सुई एक वार लांब असते, म्हणजे जवळजवळ तीन फूट. टोचल्यावर माणूस जागच्या जागी मरतो. तसा मेला नाही तर सहा महिन्यांनी मरतो. पुरुषाचं पुरुषत्व जातं, बाई वांझ होते. जिल्ह्याच्या साहेबानं स्वतः घेतली आणि अर्ध्या तासात तडफडून मेला. साहेब जिवंत होता, ते वेगळं.

ही यादी वाचून कुणाला २०२१ सालचा व्हॉट्सअ‍ॅप आठवला तर नवल नाही. तेव्हा सहा महिन्यांच्या जागी दोन वर्षं होती. करोनाची लस घेतलेले सगळे दोन वर्षांत मरणार असं फ्रान्सच्या एका नोबेलवाल्या शास्त्रज्ञाच्या नावानं गावोगावच्या ग्रुपवर फिरलं. त्या शास्त्रज्ञानं तसं म्हटलेलंच नव्हतं. मूल होणार नाही, हा भाग तर शब्दही न बदलता तसाच आला. सव्वाशे वर्षांत सुई बदलली, रोग बदलला, भीतीच्या जागा त्याच राहिल्या.

आणि मग खरीच दुर्घटना घडली.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मुलकोवाल गाव, आज ते पाकिस्तानात आहे. त्या दिवशी १०७ जणांना लस दिली. आठवडाभरात त्यातल्या १९ जणांची दातखीळ बसली, अंग धनुष्यासारखं वाकलं आणि एकोणीसच्या एकोणीस मेले. धनुर्वात. ही अफवा नव्हती. एकोणीस घरांत सुतक होतं. त्यानंतर पंजाबात ज्यांनी लस नको म्हटलं त्यांना दोष देता येत नाही. गावोगावच्या अफवांना जो पुरावा कधी मिळाला नव्हता तो एका दिवसात मिळाला.

पण हिशेब जरा जवळून बघितला तर वेगळंच दिसत होतं. त्या दिवशी गावात पाच बाटल्या उघडल्या होत्या. मेलेले सगळे १९ जण एकाच बाटलीचे, तिचा नंबर ५३-एन. बाकीच्या बाटल्यांची लस घेतलेल्या ८८ जणांना काहीही झालं नाही. म्हणजे दोष लसीत नव्हता, त्या एका बाटलीत होता. मग प्रश्न उरला एकच. धनुर्वाताचा जंतू बाटलीत शिरला कुठं? मुंबईला भरताना, की मुलकोवालला उघडताना?

सरकारनं चौकशी नेमली. चौकशीनं दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर टाकला. लस भराभर तयार करायला लागत होती म्हणून हाफकिन यांनी कार्बोलिक अ‍ॅसिड घालणं बंद करून नुसत्या उष्णतेवर भर दिला होता, हे कारण पुढं केलं. हाफकिन यांना कामावरून बाजूला केलं, पगार थांबवला. १९०४ मध्ये ते इंग्लंडला गेले. चौकशीचा सगळा कागद लोकांसमोर यायला आणखी दोन-तीन वर्षं लागली, आणि आला तेव्हा त्यातच उत्तर पडलेलं होतं.

बाटली उघडणाऱ्या डॉक्टरनं त्या वेळी वास घेऊन बघितला होता, लस नेहमीसारखी होती. धनुर्वाताचे जंतू मुंबईहून येईपर्यंत, म्हणजे कित्येक दिवस बाटलीत वाढत असते, तर तिला घाण दुर्गंधी आली असती. दुसरी गोष्ट, रोग्यांना लक्षणं दिसायला आठवडा लागला. बाटली आधीच विषानं भरलेली असती तर ती लवकर दिसली असती. आणि तिसरी गोष्ट सगळ्यात साधी. बाटलीचं बूच काढायचा चिमटा मदतनीसाच्या हातून जमिनीवर पडला होता. नियमाप्रमाणे तो ज्योतीवर धरून तापवायला हवा होता. तो नुसता औषधाच्या पाण्यात बुडवून काढला आणि त्यानंच बूच उघडलं. धनुर्वाताचा जंतू मातीत असतो, शेणखतात असतो. पायाला खिळा लागला की धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला आपण पळतो ते त्याच्यासाठीच.

चिमटा पडल्याची साक्ष चौकशीत झाली होती. ती वाचून तिचा अर्थ लावायला कुणाला सवड झाली नाही. मुंबईचा परका शास्त्रज्ञ दोषी ठरला की सरकारी यंत्रणा मोकळी होत होती. अफवा गावकरीच पसरवतात असं नाही. सरकारी शिक्का असलेला कागदही चुकीची गोष्ट गावोगाव पोचवतो, आणि शिक्क्यामुळं तिच्यावर शंकाही लवकर कुणी घेत नाही.

हाफकिन यांच्या बाजूनं उभे राहिले ते रोनाल्ड रॉस. मलेरिया डासांमुळं होतो हे सिकंदराबादेत बसून शोधणारे, नोबेल मिळालेले. त्यांनी पुरावा एकेक करून मांडला. १९०७ च्या जुलैमध्ये रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांनी सह्या केलेलं पत्र लंडनच्या टाइम्समध्ये छापून आलं. ब्रिटिश संसदेत प्रश्न विचारले गेले. त्या वर्षाच्या अखेरीला सरकारनं हाफकिन यांना परत कामावर बोलावलं. मुलकोवालपासून पाच वर्षं झाली होती.

ही पाच वर्षं स्वस्तात गेली नाहीत. पंजाबात प्लेग त्याच काळात सगळ्यात जास्त पेटला, आणि लस टोचायचं काम थंडावलं ते थंडावलंच. त्या साथीत पुढच्या काही दशकांत देशभरात एक कोटीहून जास्त माणसं गेली.

हाफकिन परतले, पण परळची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. कलकत्त्यात नेमणूक झाली, तिथं नवी लस माणसांवर तपासायची मुभा नव्हती. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला ते निवृत्त होऊन युरोपला गेले. लग्न केलं नाही. शेवटची वर्षं आपल्या धर्माच्या अभ्यासात घालवली आणि साठवलेला पैसा ज्यू मुलांच्या शिक्षणासाठी ठेवला. २६ ऑक्टोबर १९३० ला स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात त्यांचं निधन झालं.

परळच्या संस्थेला त्यांचं नाव १९२५ मध्येच देण्यात आलं होतं, त्यांच्या हयातीत. तोपर्यंत तिथून प्लेगच्या लसीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या होत्या. १९६४ मध्ये भारताच्या टपाल खात्यानं त्यांच्या नावाचं तिकीट काढलं. मुलकोवालच्या त्या एकोणीस जणांची नावं मात्र कुठं फारशी वाचायला मिळत नाहीत. बाटलीचा नंबर तेवढा सगळ्या पुस्तकांत सापडतो.